दाजींना स्वस्थ बसवत नाही

आमच्या दाजींचा पुतळा करून बारामतीच्या एखाद्या चौकात उभा केला, तर तो पुतळासुद्धा चार दिवसांत चौथऱ्यावरून खाली उतरेल आणि चौकातला सिग्नल उघडून बसेल, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. माणूस निदान झोपेत तरी स्वस्थ असतो अशी माझी समजूत होती; ती ताईंनी, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीने, केव्हाच खोडून काढली. झोपेत दाजींची बोटं चादरीवर स्क्रू पिळत असतात म्हणे. हे गृहस्थ नात्याने माझे साडू. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजी म्हणतो, आणि ते मला लग्न झाल्या दिवसापासून पाव्हणं म्हणतात. मी कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालेला माणूस. एका जागी बसून राहणं हे एकच कौशल्य मी आयुष्यभर मनापासून कमावलं आहे. अशा माणसाच्या वाट्याला देवाने नेमका पायाला भिंगरी बांधलेला साडू का दिला, हे मला अजून कळलेलं नाही.

दाजी बारामतीला आमच्याकडे आले की बायको पाणी आणायला आत जाते आणि मी घरातल्या विजेवर चालणाऱ्या वस्तूंवरून नजर फिरवतो, कारण त्यांतली एक आता उघडली जाणार हे ठरलेलं. दाजी बसत नाहीत, टेकतात. इतर लोक शर्टाच्या खिशात जिथे पेन ठेवतात तिथे त्यांचा टेस्टर असतो. "पाव्हणं, तुमचा फ्रिज कण्हतोय," असं म्हणता म्हणता तो टेस्टर हातात येतो, आणि चहा बाहेर येईपर्यंत फ्रिज भिंतीपासून हात-दीड हात पुढे आलेला असतो, दूध ओट्यावर, बर्फ मोरीत, आणि दाजी फ्रिजच्या मागे. वस्तू दुरुस्त होते, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. फक्त काम झालं की एखादा स्क्रू उरतो. तो दाजी माझ्या टेबलावर ठेवतात आणि म्हणतात, हा नसला तरी चालतंय, कंपनीवाली उगंच लावत्यात. नसले तरी चालणाऱ्या स्क्रूंची एक अख्खी वाटी आमच्या घरात साठली आहे. कधीतरी रात्रीतून सगळं घर खिळखिळं होईल अशी मला धास्ती वाटते, पण अजून तरी तसं झालेलं नाही.

वडगाव निंबाळकरला आमच्या नात्यातल्या एका लग्नात तर त्यांनी कमाल केली. मंगलाष्टकं सुरू झाली आणि माईक किंचाळू लागला. बाकीचं वऱ्हाड अक्षता मुठीत धरून, तोंडं वाकडी करून उभं राहिलं. दाजींच्या मुठीतल्या अक्षता मात्र तडक खिशात गेल्या आणि दाजी मांडवामागे. दुसऱ्या क्षणी माईक, पंखे, व्हिडिओवाल्याचा दिवा, सगळंच बंद. भटजींचा आवाज आधीच बसलेला, त्यामुळे निम्म्या मांडवाला 'सावधान' कधी झालं ते कळेना. पुढच्यांनी टाकल्या म्हणून मधल्यांनी टाकल्या, मधल्यांनी टाकल्या म्हणून मागच्यांनी, आणि शेवटचं खरं सावधान झालं तेव्हा मांडवात कुणाच्याही हातात अक्षता शिल्लक नव्हत्या. दाजी घामाघूम होऊन मागून आले, खिशातून आपल्या काढल्या आणि एकट्यांनी टाकल्या. त्यांत फ्यूजच्या तारेचा एक तुकडाही होता. तो नवरदेवाच्या फेट्यात अडकला आणि फोटोत आजही दिसतो.

भवानीनगरच्या साखर कारखान्यात ते इलेक्ट्रिकल खात्यात होते. घर आजही तिथेच आहे. हंगाम चालू असला की दाजी सुखी. उसाच्या ट्रॅक्टरांची रांग, मोटरींची घरघर, कुठे ना कुठे काही ना काही बंद पडलेलं, आणि प्रत्येक ठिकाणी दाजी. पण हंगाम संपून सगळं थंडावलं की ते कासावीस व्हायचे. जेवताना उठायचे, उठून कुठे जायचं ते आठवायचं नाही, पुन्हा पानावर येऊन बसायचे. शेवटी एका उन्हाळ्यात त्यांनी मुदतीआधीच नोकरी सोडली. सगळ्यांनी डोक्याला हात लावला. दाजी मात्र रोज सकाळी एसटी पकडून बारामतीला जाऊ लागले. तिथे एका छोट्या संस्थेने मार्केट यार्डामागे एक पत्र्याची शेड दिली होती, आणि त्या शेडमध्ये त्यांनी शेजारच्या वस्तीतल्या पोरापोरींसाठी वायरिंगचा आणि मोटर दुरुस्तीचा वर्ग सुरू केला. हमालांची, भाजीवाल्यांची, धुणंभांडी करणाऱ्या बायकांची ही मुलं. कोणी दहावीत अडकलेलं, कोणी नववीतच शाळेला रामराम ठोकलेलं. दिवसभर कोपऱ्यावर उभं राहण्यापलीकडे त्यांना काम नव्हतं, आणि रिकाम्या उभ्या राहिलेल्या माणसाकडे दाजींना बघवतच नाही.

वर्गात प्रवेशाची अट एकच होती: घरातली बिघडलेली एक वस्तू घेऊन यायची. ती वस्तू चालू झाली की पोरगं पास. कोणी मिक्सर आणला, कोणी इस्त्री. एका पोराच्या घरात मात्र बिघडायला काही नव्हतंच. त्याने शेजाऱ्याचा टेबलफॅन उचलून आणला, आणि तो चांगला चालत होता म्हणून आधी स्वतः बिघडवला. शेजारी उघड्या अंगाने, गमछ्याने वारा घेत शेडच्या दारात येऊन उभा राहिला तेव्हा हा प्रकार उघड झाला. दाजींनी त्या शेजाऱ्याची माफी मागितली, पंखा दुरुस्त करून दिला, आणि पोराला पहिल्याच दिवशी पास केलं. म्हणाले, चालतं बिघडवायला डोकं लागतं. संध्याकाळी त्यांनी आपल्या घरातला धड चालणारा पंखा काढून त्या पोराच्या घरी नेऊन बसवला. ताईंना दोन दिवस वाटत होतं की दाजींनी तो दुरुस्तीला नेला आहे.

मलाही त्यांनी त्या शेडमध्ये ओढलं. मुलं चार माणसांसमोर बोलायला घाबरत्यात, त्यांना बोलायला शिकवा, म्हणाले. मी आठवड्यातून एकदा जाऊ लागलो. शेडमधली एकुलती एक खुर्ची माझ्याकडे आली, कारण दाजींना तिचा उपयोग नव्हता. तिथे बसून मी त्यांचा विज्ञानाचा तास पाहिला आहे. सुरुवातीला ते वीज कॅनॉलच्या पाण्यावरून समजावत. पाण्याचा जोर म्हणजे व्होल्टेज, वाहणारं पाणी म्हणजे करंट, शेतात पाणी नेणाऱ्या चारीतला गाळ म्हणजे रेझिस्टन्स. आमच्या उसाच्या भागात हे कुणालाही कळलं असतं, पण ही मुलं बाजारात वाढलेली. चारीला पाणी सुटतं म्हणजे काय, हे त्यांच्या गावीही नव्हतं.  तेव्हा तबस्सुम नावाची एक सडपातळ मुलगी उभी राहिली. तिचे वडील एसटी स्टँडजवळ केळ्यांची गाडी लावतात. ती म्हणाली, "सर, म्हंजी यार्डात माल आला की मुकादम वरडतो तो जोर, पोती घिऊन पळत्यात ते हमाल करंट, आन गेट बारकं असलं की सगळी दाटत्यात, त्यो रेझिस्टन्स." दाजी खूश होऊन शेडभर फिरले. तेव्हापासून बारामतीच्या त्या शेडमध्ये ओहमचा नियम हमालांवरून शिकवला जातो, आणि जाड वायर का लागते हे तिथल्या शेंबड्या पोरालाही सांगता येतं.

पण दाजींच्या ह्या वर्गात एक मोठी खोट होती, आणि ती खोट म्हणजे दाजी. समजावून सांगेपर्यंत ते शिक्षक असत. पोराच्या हातात पकड गेली, त्याने तार वाकवायला घेतली, की दाजींची बोटं वळवळायला लागत. पोरगं जरा अडखळलं, की "दे हिकडं" म्हणून पकड त्यांच्या हातात. मग ते काम इतकं झरझर आणि इतकं देखणं व्हायचं की सगळा वर्ग तोंडात बोट घालून बघत राही. काम संपल्यावर दाजी विचारत, कळलं का? सगळे हो म्हणत. पोरांनी यावर आपल्यापरीने उपायही काढला होता. जुन्या मोटरींतल्या तारांचा गुंता ती मुद्दाम जपून ठेवत आणि कामाला लागायच्या आधी कोणीतरी तो दाजींच्या हातात देई, सर, हा जरा सुटतोय का बघा. दाजी गुंत्यात रमले की पोरांना थोडी मोकळीक मिळे. पण गुंता सोडवण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नाही, त्यामुळे ही मोकळीक कधी फार टिकली नाही. मला खुर्चीवर बसून याची मजा वाटायची. त्यात हसण्यासारखं फारसं काही नव्हतं, हे आबा येऊन गेले तेव्हा कळलं.

आबा म्हणजे इंदापूरच्या एका मोटर रिवाइंडिंग वर्कशॉपचे मालक. दाजींच्या शब्दाखातर त्यांनी वर्गातली दोन मुलं कामावर घेतली होती आणि दोन्ही परत पाठवली होती. का, ते सांगायला ते स्वतः शेडवर आले. माणूस सरळ. दाजींना बाजूला न घेता, माझ्यासमोरच बोलले. "सर, पोरं हुशार हायती, चोरटी न्हाईत, येळंवर येत्यात. पर काम निम्म्यावर आलं की हातातली पकड अशी म्होरं धरत्यात आन हिकडंतिकडं बघत बसत्यात. कुणाची वाट बघत्यात, तेच मला कळंना." असं म्हणून त्यांनी रिकामा हात हवेत पुढे धरून दाखवला. मी दाजींकडे पाहिलं नाही. दाजींच्या हातात त्या वेळी पोरांनी दिलेला गुंता होता. त्यांनी तो खाली ठेवला.

त्याच आठवड्यात तबस्सुमचे वडील शेडवर आले. भांडायला नव्हे, केळी घेऊन आले होते. मुलीसाठी त्यांनी मसाला पॅक करायचं काम बघून ठेवलं होतं, तिची चुलतबहीण तिथेच होती. दिवसभर बसून पुड्या भरायच्या, अंगावर काही यायचं नाही. सर, शिकून झालं म्हणता तर पोरांना तिकडनं परत का पाठवत्यात, एवढंच त्यांनी विचारलं. तबस्सुम पाठीमागे उभी होती. तिला पुड्या भरायच्या नव्हत्या, हे सांगायची गरज नव्हती. तिने मान वर केली नाही आणि पायाच्या अंगठ्याने फरशीवरची एक वायर एकसारखी दाबत राहिली. दाजींनी तिथल्या तिथे आबांना फोन लावला आणि एक शेवटची संधी मागितली. आबांची अट होती: पोरीने वर्कशॉपमध्ये यायचं, एका जळालेल्या मोटरीत नवी गुंडाळी भरायची आणि मोटर चालवून दाखवायची. पहिल्यापासून शेवटपर्यंत तिनेच. सरांनी हात लावायचा नाही. झालं तर ती दुसऱ्या दिवसापासून माझ्याकडे कामाला, नाही झालं तर सर, पुन्हा पोरं पाठवू नका.

न्यायला अर्थातच मी. दाजींना गाडी चालवता येते, पण ती ते पोहोचवत नाहीत. दर थोड्या अंतरावर थांबून तिचं पोट तपासतात. तबस्सुम आणि तिचे वडील मागे, सकाळीच एसटीने बारामतीला आलेले दाजी माझ्या शेजारी. भवानीनगर गेलं, लासुर्णे गेलं, आणि दाजींनी तेवढ्या वेळात काच वर केली, खाली केली, आरसा वाकवला, मोजे काढून पुन्हा घातले, आणि मागे वळून तबस्सुमला जोडण्या पाठ म्हणायला लावल्या. ती न चुकता म्हणत होती. वडील खिडकीतून उसाच्या फडांकडे बघत होते. निमगाव केतकीपाशी दाजी म्हणाले, "पाव्हणं, आज मला धरून ठिवायचं. सोडलंत तर मी आत घुसणार." मी हो म्हणालो. माझ्या आयुष्यात इतकं अंगमेहनतीचं काम मला पूर्वी कोणी सांगितलं नव्हतं.

वर्कशॉपसमोर रस्त्यापलीकडे चहाची टपरी होती. आम्ही दोघं तिथे बसलो, म्हणजे मी बसलो. वडील आत, दाराशेजारच्या स्टुलावर. जळालेल्या तारा आधीच काढून ठेवलेल्या होत्या. तबस्सुमने ओढणी कमरेला खोचली आणि मोटरीच्या खाचांत कागद बसवायला घेतले. दाजींनी तोवर टपरीवाल्याचा स्टो उघडला, त्याच्या बाकड्याचा डुगडुगणारा पाय बसवला, त्याच्या रेडिओकडे वळले तेव्हा त्याने रेडिओ मांडीवर घेतला. मी दाजींची बाही धरून होतो. दुपार झाली. गुंडाळी भरून झाली असावी, कारण आत जरा हालचाल थांबली. मी मान लांब करून पाहिलं. तबस्सुम मोटरीवर वाकली होती, डावा हात कामावर, आणि उजवा हात, पकड धरलेला, बाजूला हवेत पुढे आलेला. ती दाराकडे बघत होती. आबा पलीकडे उभे होते आणि तेही तो हात बघत होते.

दाजी ताडकन उठले. मी बाही घट्ट धरली, पण माझ्या धरण्याने काही झालं असतं असं मला वाटत नाही. ते रस्त्याच्या कडेपर्यंत गेले, मला ओढत, आणि तिथे थांबले. मग वर्कशॉपकडे पाठ करून म्हणाले, "मला हितनं न्या. कुठं बी न्या." मी गाडी काढली आणि सुचेल त्या रस्त्याने उजनीच्या पाण्यापर्यंत नेली. तिथे ते काठाने इकडून तिकडे, तिकडून इकडे चालत राहिले. एका मच्छीमाराच्या होडीचं इंजिन किनाऱ्यावर उघडून ठेवलेलं होतं, दोन माणसं त्यात डोकं घालून बसली होती, आणि दाजी त्यांच्या शेजारून तसेच पुढे गेले. त्यांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही, तेव्हा मला खरी भीती वाटली. बऱ्याच वेळाने ते माझ्याजवळ येऊन उभे राहिले. म्हणाले, "पाव्हणं, मी त्यास्नी शिकवलंच न्हाय. मी निस्तं त्यांच्याम्होरं काम केलं." मी आयुष्यभर वर्गात बोलत आलेला माणूस; माझ्या वर्गांत किती पोरांनी कधी तोंड उघडलं होतं, ते मी मनात मोजू लागलो. 

उन्हं कलल्यावर परतलो. वर्कशॉपच्या दारात तबस्सुमचे वडील उभे होते आणि त्यांनीच सगळं सांगितलं. ती तशीच हात पुढे धरून लई वेळ राहिली. तुमी दिसंना.  मग तिने पकड या हातातून त्या हातात घेतली आणि पुन्हा खाली वाकली. जोडण्या केल्या, झाकण बसवलं, बटण दाबलं. मोटर फिरली, पण उलटी. तिने बटण बंद केलं आणि पुन्हा दाराकडे पाहिलं. "मग म्हणली, अब्बा, सर गेले का? मी म्हणलं, गेले. तवा जरा बसली स्टुलावर. मग उठली आन दोन वायरींची अदलाबदल केली." बाकीचं त्यांनी हाताने दाखवलं: तळहात सरळ गोल फिरवून. आबा हात पुसत बाहेर आले. पोरीला उद्या नको, परवापासून पाठवा, म्हणाले; उद्या दिवसभर लाईट जाणार आहे.

परतीच्या वाटेवर गाडीत तबस्सुम थांबेचना. कागद कुठे फाटला, तार कुठे कापली असती, मोटर उलटी फिरली तेव्हा कुठल्या वायरी बदलल्या, वडिलांना सगळं सांगत होती आणि केळीवाले वडील, ज्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, प्रत्येक गोष्टीला व्हय व्हय म्हणत होते. दाजींनी एकदा मागे वळून, शेवटच्या जोडणीवर नीट कागद चढवलास का, म्हणून विचारलं. "ते झालंय सर," ती म्हणाली आणि वडिलांना पुढचं सांगू लागली. दाजी पुन्हा समोर बघू लागले. भवानीनगर आलं, त्यांच्या घराकडे जाणारा रस्ता आला, मी गाडी हळू केली. ते म्हणाले, आधी पोरीला घरला सोडू. म्हणजे मी त्यांना बारामतीपर्यंत न्यायचं आणि पुन्हा भवानीनगरला आणून सोडायचं. एरवी मी यावर दोन शब्द ऐकवले असते. त्या दिवशी नुसता गिअर बदलला.

यार्डामागच्या वस्तीच्या तोंडाशी दोघं उतरली. वडिलांनी हात जोडले. तबस्सुमचं बोलणं अजून संपलं नव्हतं; हवेत दोन बोटांनी वायरी बदलून दाखवत ती बापाबरोबर बोळात चालू लागली. दाजींनी काच खाली केली होती. ती बोळाच्या वळणावर जाईपर्यंत ते बघत होते, आणि ती दिसेनाशी झाल्यावरही थोडा वेळ बघतच राहिले.

"वळून बघितलं न्हाय तिनं," ते म्हणाले. "झालं म्हणायचं आपलं काम."

 मी गाडी भवानीनगरच्या रस्त्याला लावली. दाजी मांडीवर हात ठेवून शांत बसले होते, मी इतकी वर्षं ज्यासाठी देवाला साकडं घालत होतो अगदी तसे. रस्ताभर मला एकच वाटत होतं, की या माणसाने आता काहीतरी बोलावं, हलावं, निदान माझ्या गाडीला चार नावं ठेवावीत.